न गळणारी गाडी

मित्रांनो, माझ्या पाठीला चार भोकं आहेत. कुणी म्हणेल वाळवीने पाडली, कुणी म्हणेल गंजाने पडली. तसं काही नाही. ज्या माणसाने जन्मभर भोकं बुजवायचं काम केलं, त्यानेच ती भर रस्त्यात पाडली. असं का झालं, ते ऐका.

मी एक जुनी पिकअप गाडी. जन्म परदेशातला. लढाईच्या दिवसांत बोटीच्या पोटात घालून मला इकडे आणलं. महिनाभर समुद्रावर होते म्हणतात, पण समुद्र काही दिसला नाही. नुसता अंधार आणि हेलकावे. तेव्हापासून मला चौकशीची खोड लागली. कोण आलं, कशाला आलं, हातात काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लढाई संपल्यावर लिलावात मी पालघरच्या एका गवताच्या व्यापाऱ्याकडे गेले. दहा-बारा वर्षं मी गवत वाहिलं. माझ्या हौद्याच्या फळ्यांत बोटबोट फटी होत्या, त्यांतून कुसळं रस्ताभर सांडत. व्यापारी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हिच्यासारखी गुणी गाडी नाही." मग एके दिवशी इंजिन अडलं आणि ही गुणी गाडी वखारीमागे जांभळाखाली जाऊन पडली. चार पावसाळे गेले. कुणी फिरकलं नाही. एका कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घातली आणि सहा पिल्लं बाहेर आली. चार वर्षांत माझ्यात बसलेले उतारू तेवढेच.

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या मुरब्याचा पुंडलिक वखारीला नवी दारं बसवायला आला. हा होड्या बांधणारा माणूस. दारांच्या मोबदल्यात त्याने मलाच मागून घेतलं. चार बैल जुंपून मला मुरब्याला ओढत नेलं. बैल मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होते. गाडी ओढायची त्यांना सवय होती, पण अशी गाडी त्यांनीही पाहिली नसावी.

या माणसाला मी कशाला हवी? मला काही सुचेना. उत्तर अंगणातच मिळालं. त्याची बायको जमना दारात उभी होती आणि तिला मान वळवता येत नव्हती. वीस वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती मुरब्याहून बोईसरच्या बाजाराला चालत जात होती. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कायमचे बधिर होतील.

"मग घरी बसू?" जमना म्हणाली. "बाजारातली जागा सासूबायची हाय."

बाजाराचा एक जुना रिवाज होता. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजारात, सकाळच्या पॅसेंजरची शिट्टी होईपर्यंत जी आपल्या जागेवर बसली नाही, तिची जागा गेली. मग वर्षभर ती कुणीही घ्यावी. म्हणजे माझ्या हातात, छे, चाकांत, अडीच महिने होते.

झावळ्यांच्या मांडवाखाली काम सुरू झालं. बोईसरकडचा कमलाकांत लॉऱ्या दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं, "दादा, खालचं माझं, वरचं तुझं. एकमेकांच्या कामात नाक नाय खुपसायचं." दोघांनी ते फारच मनावर घेतलं. पुढचा घोळ त्यातूनच झाला.

कमलाकांतने माझं इंजिन उकललं आणि एकेक भाग घासलेटच्या डब्यात बुडवला. चाळीस मैलांवरून जुन्या गाडीच्या रिंगा शोधून आणल्या. पूर्वी मला पुढून हँडल मारून जागं करावं लागे. आता बटण दाबलं की मी जागी! दोन मोठे दिवे आले. विटेच्या तुकड्याने गंज घासून सांगाड्याला मुशी माशाचं तेल चोपडलं. वास असा की गल्लीतली मांजरं माझ्याभोवती फेऱ्या घालू लागली. जमनाला चढता यावं म्हणून मागे लोखंडी पायरीही लागली.

वरचं काम पुंडलिकचं. त्याने जुन्या फळ्या पाहिल्या आणि फटींत बोट घालून चुकचुकला. सगळ्या उपटून टाकल्या. नव्या फळ्या त्याने अशा बसवल्या की मधून ऊनसुद्धा येईना. तरी फटीफटीत कापसाची वात ठोकली, वर राळ आणि तेलाचा लेप दिला. मग गुडघ्यावर बसून प्रत्येक जोड तळहाताने चाचपला. पुन्हा चाचपला. तिसऱ्यांदाही! मला मोठं नवल वाटलं. हा माणूस फटीला एवढा का भितो?

हौदा पुरा झाला त्या दिवशी कमलाकांत बोईसरला गेला होता. पुंडलिकने विहिरीचं पाणी आणून हौद्यात ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी खाली वाकून बघितलं. थेंबही गळला नव्हता. सारा मोहल्ला बघायला आला. "काय काम केलंय पुंडलिकनं!" जो तो म्हणाला. मीही फुगले. खरं सांगते, गवताच्या दिवसांतही माझं इतकं कौतुक झालं नव्हतं.

पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, एक माझ्यापुढेही फुटला. तिसऱ्या पहाटे, बाजाराच्या दिवशी, होड्या परतल्या. सातपाटीहून आणलेला बर्फ फोडून हौद्यात पसरला, वर पाट्या भरभरून पापलेट. कमलाकांतने चाक धरलं, पुंडलिक त्याच्याशेजारी बसला. जमना पायरीवर पाय ठेवून चढली आणि मागे पाट्यांमध्ये बसली. डोक्यावर काही नाही म्हणून तिचे हात उगाच पदराशी चाळा करत होते.

कुंभवलीच्या चढापर्यंत सगळं झकास होतं. चढ लागला आणि माझ्या पाठीत काहीतरी धडाडकन मागे सरकलं. पुढची चाकं हलकी झाली, इंजिन धापा टाकू लागलं आणि मी थांबले. कमलाकांत बिचारा बॉनेट उघडून इंजिनाशीच झटापट करू लागला. दोष इंजिनात नव्हता, पण मला सांगता कुठे येतं!

"अवो, हिकडं या," मागून जमना ओरडली. "पापलेटं तरंगतात!"

बराचसा बर्फ वितळला होता. ते पाणी जायचं कुठे? ज्या हौद्यात बाहेरून थेंब येणार नाही, त्यातून आतला थेंब तरी कसा जाणार? लॉऱ्यांवर हात बसलेल्या कमलाकांतला हे सुचलं असतं, पण वरचं काम त्याचं नव्हतं! पुंडलिकने पाहिलं आणि हाताला सवय होती तेच केलं. डबा घेतला आणि होडीतलं पाणी उपसतात तसं उपसायला लागला. एक डबा, दुसरा, दहावा. बर्फ वितळतच होता आणि पॅसेंजरची वेळ जवळ येत होती.

"उपसून काय व्हनार?" जमना म्हणाली. "भोक पाडा."

पुंडलिक उपसायचा थांबला. "या हातानं? नाय."

"वेळ नाय आता."

"तुला ठाव हाय ना, देवूच्या होडीला एक फट माझ्या हातून राहिली व्हती." त्याच्या हातातला डबा खाली पडला. "बोटभर फट. माझा भाऊ परत नाय आला."

तर हे होतं. तीन-तीनदा चाचपलेले ते जोड मला आठवले. हा माणूस माझ्या पाठीवर माझ्यासाठी राबत नव्हता, देवूसाठी राबत होता. मला रडता आलं असतं तर मी तिथेच रडले असते.

जमना पाण्यातून सरकत त्याच्याजवळ आली. हत्यारांच्या पिशवीतून तिने गिरमिट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "तिथं पाणी भायेर व्हतं," ती हळूच म्हणाली. "इथं आत हाय. जाऊ द्या त्याला."

 पुंडलिक गुडघ्यावर बसला. पहिलं भोक पाडताना त्याने डोळे मिटले होते. मला दुखलं, नाही असं नाही. पाण्याची धार रस्त्यावर पडली तसे त्याने डोळे उघडले, खाली उतरून धारेखाली हात धरला आणि उरलेली तीन भोकं डोळे उघडे ठेवून पाडली. मी हलकी झाले आणि एका दमात चढ चढले.

बाजाराच्या तोंडाशी आलो आणि शिट्टी झाली. जमनाने कपाळाला हात लावला. पण तिच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. ती डोंगराकडची नवसी, शेजारी बसून पळसाची पानं विकणारी. जमना तिला दर बाजाराला मूठभर सुके बोंबील द्यायची. आज ती दोन्ही जागा अडवून, पाय पसरून बसली होती.

"कवाची भांडतंय लोकांशी," नवसी उठत म्हणाली. "ये बाय, बस."

त्याला आता सहा वर्षं झाली. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर माझ्याहून दुप्पट मोठ्या लॉऱ्या आल्या, त्या मला बघून भोंगे वाजवतात. वाजवोत. जमना अजून माझ्या पायरीवरून चढते आणि आता तिची मान दोन्ही बाजूंना वळते. परवा रंग द्यायला आलेल्या माणसाने माझी भोकं बघून ती बुजवायला डांबर मागितलं. पुंडलिक त्याच्यावर असा ओरडला की ब्रश हातातून पडला.

मित्रांनो, जुन्या गाडीला जपा. तिला तेल द्या, रंग द्या. पण हात लावण्याआधी थोडी माझ्यासारखी चौकशी करा, की हिच्यात काय राहायला हवं आणि काय जायला हवं. नुसत्या मायेने ते कळत नाही, विचारावं लागतं. आणि माझी चार भोकं तेवढी मोकळी ठेवा. दर नारळी पौर्णिमेला, दर्यावर जाण्याआधी, पुंडलिक माझ्या हौद्यात एक तांब्या पाणी ओततो. मग खाली वाकून चारही धारा पडतात का ते बघतो, आणि त्या पडल्या की देवूचा भाऊ हसतो.