कोठाराचं दार

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सैनिक अमेरिकेत भेटला, की तो हमखास स्वयंपाकी तरी निघतो, नाहीतर ट्रक ड्रायव्हर. मग बंदुका चालवल्या तरी कोणी, असं विचारायची सोय नसते. वॉल्टर लिंडनर पुलावरचा पहारेकरी होता. रशियात असताना आपण एकाही माणसाच्या केसाला धक्का लावला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. ईश्वर वानखडेला ते शंभर टक्के खरं वाटायचं.

का वाटू नये? ईश्वर मिशिगनमधल्या नोव्हाय गावाजवळ, डाय म्हणजे लोखंडी साचे बनवणाऱ्या शॉपमध्ये नवखा म्हणून लागला, तेव्हा फोरमन वॉल्टरनंच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. ईश्वरनं घर घेतलं, तर म्हातारा तळघरात उतरून लाकडी भिंती उभ्या करून आला. रिटायर झाल्यावर वॉल्टरनं युद्धाच्या आठवणी लिहायला काढल्या, आणि दर शनिवारी ईश्वर त्याच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जाडजूड लॅपटॉप मांडून बसू लागला. वॉल्टर सांगायचा, ईश्वर टाइप करायचा. हाताला चाळा असल्याशिवाय म्हाताऱ्याला बोलता यायचं नाही, म्हणून तो कानशीनं काहीतरी घासत बोलायचा.

ईश्वरनं आणखी एक उद्योग करून ठेवला होता. बाबासाहेबांच्या जयंतीला मिशिगनमधली आपली सगळी कुटुंबं जमणार होती, तिथं त्यानं वॉल्टरला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. ‘हैवानांच्या फौजेत राहूनही माणूस राहिलेला माणूस बघा,’ असं त्यानं फोन करकरून सांगितलं होतं. आपल्या माणसांसमोर त्यानं म्हाताऱ्याची हमीच घेतली होती म्हणा ना. वडील गेल्यावर ज्याला वडिलांच्या जागी मानावं असा त्याला हा एकच भेटला होता.

वडील कसे गेले, हे मात्र त्यानं वॉल्टरला कधी सांगितलं नव्हतं. मराठवाड्यात नामांतराच्या दंगलीत त्यांच्या घराला बाहेरून कडी घालून आग लावली होती. वडील दाराला खांदा लावून धडका देत राहिले. आईनं, जाईबाईनं, मुसळानं मागची मातीची भिंत फोडली आणि ईश्वरला बाहेर ढकललं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वडील आतच राहिले. कडी घालणारा गावातलाच प्रताप, तो कोर्टातून सुटला. कोर्टात ईश्वरला नेलं नव्हतं, जाईबाई एकटीच जाऊन बसायची.

त्या शनिवारी जाईबाई ईश्वरबरोबर आली होती. भारतातून येऊन तिला थोडेच दिवस झाले होते आणि घरात बसून ती कंटाळली होती. ती मागच्या पायरीवर उन्हात मेथी निवडत बसली. शेडमध्ये वॉल्टर एका गावाबद्दल सांगत होता.

“ते गाव पोलिसांच्या तुकडीनं जाळलं. आम्ही नदीच्या पलीकडे, पुलावर होतो. नुसता धूर दिसला. आमच्या तुकडीतली पोरं रडली रे, ईश्वर.”

“गावातली माणसं?”

“कोठारात कोंडली. सगळी.” कानस लोखंडावर फिरत होती. “आणि काम तरी कसं गचाळ! कोठाराचं दार बाहेर उघडणारं. आडणा कुजलेला. मग गाडीचं जू आडवं घातलं, तर ते आखूड. दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी माराव्या लागल्या. आतून लोक एकदम रेटायचे, की पाचर सुटायची. परत ठोकायची. ओलं लाकूड, पकडच घेत नाही. डावीकडची तर सारखी...”

ईश्वरची बोटं थांबली.

“डावीकडची पाचर सुटत होती, हे पुलावरून दिसलं?”

कानस थांबली. “कोणीतरी सांगितलं असेल.”

“कोण ठोकत होतं, वॉल्टर?”

“कोणीतरी. सगळेच.” म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. “तुला काय कळतंय त्यातलं? तू होतास तिथं? हुकूम म्हणजे काय, आग म्हणजे काय, तू पाहिलंयस कधी?”

 ईश्वर उठला, बाहेर गेला आणि शेडचं दार त्यानं धाडकन लोटलं. कोयंड्यात फावड्याचा दांडा घातला. तो डुगडुगत होता, म्हणून सरपणातली एक ढलपी फटीत बसवली आणि तिथंच पडलेल्या हातोडीनं ठोकली. इतकं सगळं त्याच्या हातांना कसं सुचलं, देव जाणे. डोक्यात नुसता जाळ होता.

“ईश्वर! दार उघड!”

आतून धडक बसली. ढलपी सरकली. ईश्वरनं ती परत ठोकली. पुन्हा धडक, पुन्हा घाव. आत काहीतरी कोसळलं, काच फुटली, म्हातारा कळवळला. दाराच्या फटीतून रक्ताळलेली बोटं बाहेर आली, आणि ईश्वरनं हातोडी त्या बोटांवर घातली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

वॉल्टर आधी इंग्रजीत ओरडत होता, मग जर्मनमध्ये. मग त्याचा आवाज चिरकला आणि तो तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत ओरडू लागला, तेच तेच शब्द, बाईच्या पट्टीत. ईश्वरला त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. पण त्या कोठारातून वॉल्टरला तेव्हा काय ऐकू येत होतं ते त्याला कळलं, आणि ते नदीपलीकडे ऐकू येणारं नव्हतं.  त्यानं ढलपी उपटली, दांडा ओढून फेकला.

म्हातारा दारातच गुडघ्यांवर पडला. कपाळ फुटलं होतं, मोडलेला हात त्यानं पोटाशी धरला होता. तेवढ्यात आवाज ऐकून जाईबाई धावत आली. पदरातली मेथी गवतावर सांडली.

“काय झालं रे? म्हातारा कसा काय कोंडला?”

वॉल्टरला मराठी येत नव्हती, पण काय विचारलं ते त्याला समजलं. त्यानं ईश्वरकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. “द डोअर,” तो म्हणाला. “इट गॉट स्टक. ॲक्सिडेंट.”

ईश्वरच्या छातीवरचा दगड उतरला. ह्या माणसानं आपल्याला वाचवलं, असंच त्याला वाटलं, आणि त्याची लाज वाटायच्या आत तोंडातून शब्द निघूनही गेले.

“दार आपोआप अडकलं, आई. मी उघडायलाच आलो होतो.”

जाईबाईनं खाली पडलेलं फावडं पाहिलं, ढलपी पाहिली. मग सुरकुतलेल्या, भाजक्या बोटांनी तिनं ईश्वरच्या मुठीतली हातोडी सोडवून घेतली.

“कोर्टात परताप बी हेच बोलला व्हता,” ती म्हणाली. “उघडायला आलो व्हतो म्हनून.”