बाबांच्या तोंडातल्या टाचण्या

"तुम्हाला आतापर्यंत किती जण चावलेत?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज माझ्या नाचाच्या ग्रुपने लावली होती. दाखवला विचारून. हॉस्पिटलमधल्या दातांच्या ताईंना, बाबा त्यांच्या खुर्चीत आ वासून पडलेले असताना.

"तीन," ताई आरशावरची नजर न काढता म्हणाल्या. "दोन लहान मुलं आणि एक न्यायाधीश. काका, तुम्ही शिंपी का?"

बाबांनी मान डोलावली. दोरा तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दातात खाच पडलीय. मी ती जन्मापासून बघतेय, मला कधी काही वाटलं नाही. ताईंना वाटलं. सोमवारपासून बाबांची केमो होती. केमोत तोंड आतून हुळहुळं होतं, मग दाताची अशी कड ओठ कापत बसते, आणि नेमकी तेव्हाच अंगातली जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते. ताईंनी दात साफ केले, खाच घासून गुळगुळीत केली, मऊ ब्रश दिला, मीठ-सोड्याच्या गुळण्या सांगितल्या.

"दोरा कात्रीने तोडायचा. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत. फोड आला तर त्याच दिवशी फोन."

"टाचण्या मग ठेवू कुठे?"

"जगात बाकी जागा बरीच आहे, काका."

पहिला डोस झाला. शनिवारी आमचा शाळेचा कार्यक्रम होता आणि बारा झगे, प्रत्येकाला तीन झालरी, बाबा शिवत होते. कारण वर्गात हात वर करून "माझे बाबा शिवतील" असं मीच म्हटलं होतं. मला हल्ली हात वर करायची सवय लागलीय.

गुरुवारी माप द्यायला दुकानात गेले. आई कोपऱ्यात बटणं लावत होती. बाबा माझी झालर टाचत होते आणि प्रत्येक प्रश्नाला नुसतं "हं" म्हणत होते. खाली वाकून पाहिलं तर ओठांत चार टाचण्या.

मी तळहात पुढे केला. कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखं त्यांनी त्या एकेक करून हातावर ठेवल्या.

"आ करा."

"अगं, गिऱ्हाईक येईल."

"आलं तर त्यालाही दाखवू."

मोबाइलचा टॉर्च लावला. खालच्या ओठाच्या आत मसुराएवढा पांढरा फोड.

"कधीपासून?"

"मंगळवार. ताईंना सांगू नकोस. सोमवारचा डोस पुढे ढकलतील."

आईने बटण खाली ठेवलं. "मला म्हणालात भूक नाही."

"तेव्हा नव्हतीच."

ताईंना मी तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, डोसचं डॉक्टर ठरवतील, पण वेळेत दाखवलेला फोड बहुतेक वेळा आवरता येतो, लपवलेला चिघळला की मग डोस नक्की लांबतो. मग मी ग्रुपवर एक मेसेज टाकला. अकरा रडके चेहरे आले.

अर्धा टाचलेला झगा अंगावर तसाच होता, आणि एक झालर जमिनीवर लोळत होती.

"उद्या नऊ वाजता तुम्ही ताईंकडे जाताय," मी म्हटलं. "आई, तू सोबत जा. आणि आमचा नाच शाळेच्या गणवेशात होणार आहे. मी कळवलंय. टाचण्या माझ्याकडे राहतील."