पाचव्यांदा

ताईनं यंत्राचं झाकण उघडलं आणि आतल्या यांत्रिक हाताचे स्क्रू पुन्हा तपासले. सगळे घट्ट होते.

"आता आणखी एकदा थांबलं, की गाशा गुंडाळायचा," धाकटा भाऊ मास्कमधून म्हणाला. "त्याची थांबायची मर्यादा थोडी सैल कर ना. चकती जरा वाकली तर वाकली."

ज्यांच्यावर चिप घडते त्या सिलिकॉनच्या चकत्या या कारखान्यात एका बड्या कंपनीचं यंत्र घासायचं आणि तिचंच दुसरं यंत्र धुवायचं. धुण्याचं काम आम्हीही करू, असं सात माणसांच्या कंपनीनं म्हणायचं म्हणजे छाती हवी. या भावंडांनी सहा वर्षं राबून यंत्र इथवर आणलं होतं. आज चाचणीचा शेवटचा दिवस. पाच वेळा थांबलं, तर ते परत जाणार होतं, आणि चार वेळा थांबून झालं होतं.

"चकतीबद्दल शंका आली की थांबायचं, हे आपणच त्याला शिकवलंय," ताई म्हणाली. "आता परीक्षेत लबाडी शिकवू?"

"बरं. तत्त्वं घेऊन घरी जाऊ."

रागावला होता तरी झाकण त्यानंच हलक्या हातानं लावलं.

वीस मिनिटांनी यंत्र थांबलं.

कारखान्याच्या मॅनेजरबाई नोंदीची वही घेऊन आल्या. भाऊ हत्यारं आवरू लागला. ताईचा हात सवयीनं स्क्रूकडे गेला आणि मधेच राहिला. चारही वेळा त्यांनी आपलंच यंत्र उचकटलं होतं. चकती मात्र न बघताच पुढे पाठवली होती. बड्यांच्या यंत्रातून आलेली, तिच्यात काय बघायचं!

तिनं चकती काढून टॉर्चखाली तिरकी धरली. काठाशी केसाएवढा तडा होता.

बाईंनी वाकून तडा पाहिला. मग त्यांनी आधी अडलेल्या चारही चकत्या मागवल्या. तडा चारही चकत्यांना होता, त्याच जागी.

"घासायचं यंत्र किती वेळा थांबलं?" भावानं विचारलं.

"एकदाही नाही. म्हणून तर आम्ही त्याच्यावर..." बाईंनी वाक्य सोडून दिलं.

पलीकडे त्या यंत्राचा हिरवा दिवा निवांत जळत होता. बाई तिकडे गेल्या आणि त्यांनी बटण दाबून ते बंद केलं.

"तुमच्या मर्यादेला हात लावू नका," त्या तिथूनच म्हणाल्या.

भाऊ ताईकडे न बघता मास्क नीट करत बसला.