वाचवायचा वारा

मालवाहू जहाजाच्या डेकवर दोन उंच, गोल, पोकळ खांब बसवले तेव्हा चीफ इंजिनिअरने त्यांना जावा-जावा म्हणायला सुरुवात केली. खांब विजेवर स्वतःभोवती गरगर फिरायचे आणि आडवा वारा लागला की जहाजाला पुढे रेटायचे. पण एक नीट फिरू लागली की दुसरी रुसायची, म्हणून जावा. कंपनीचं म्हणणं साधं होतं. वाऱ्याने जोर लावला की इंजिनाचा जोर तेवढा कमी करायचा, वेग तोच ठेवायचा आणि तेल वाचवायचं. जाताना आणि येताना अशी दोन्ही वेळा परीक्षा होती. तेल वाचलं तर बाकीच्या जहाजांवरही खांब बसणार, नाही वाचलं तर इथलेही उपटणार.

चीफला खांबांचं वावडं नव्हतं. पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं, कारण घरी ताई शेवटच्या घटका मोजत होती.

ताईनेच त्याला वाढवलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताईचं लग्न ठरलेलं होतं. ती त्याला कडेवर घेऊनच सासरी गेली. घर बंदरामागच्या टेकडीवर. समुद्राकडून वारा आला की जहाजांच्या धुराची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसायची. “कपडे आत घ्या गं” ही त्या घराची रोजची हाक. त्याच जहाजांच्या नादाने चीफ इंजिनिअर झाला आणि त्याच धुराने ताईची छाती पोखरली. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, पण चीफला ते कुणी सांगायला नको होतं.

भाच्याचा फोन आला. “मामा, सारखी तुझंच विचारतेय. जमेल तेवढं लवकर ये.”

त्याच दुपारी वारा सुटला. कधी नव्हे त्या दोन्ही जावा एकदिलाने कामाला लागल्या आणि जहाज पळू लागलं. कॅप्टन जिना उतरून इंजिनाच्या कंट्रोल रूममध्ये आला. तो सहसा खाली येत नसे.

“चीफ, नियमाप्रमाणे इंजिन कमी करायला हवं.”

“हो.”

“नाही केलं तर तुमच्या गावच्या बंदरात एक दिवस आधी पोचू.” कॅप्टनने टोपी काढली. “तुमच्या ताईंच्या हातचं मीही जेवलोय. तुम्ही कराल ते खरं.”

चीफने लिव्हरवर हात ठेवला आणि काढून घेतला. परीक्षेचं मातेरं होणार हे त्याला दिसत होतं. पण वारा पुन्हा येईल, ताई पुन्हा येणार आहे का? त्याच्या जागी तुम्ही-आम्ही तरी काय वेगळं केलं असतं?

दर्यावरच्या माणसांची मात्र एक जुनी खोड आहे. जीव खाऊन पळायचं आणि बंदराबाहेर ताटकळत बसायचं. धक्क्यावर जागा मिळते ती ठरल्या दिवशीच, आधी येणाऱ्याने नांगर टाकून गुमान वाट बघायची. चीफचा उभा जन्म यात गेलेला. तरी त्याचा बेत होता, की नांगर पडला रे पडला की छोटी लाँच बोलवायची आणि किनारा गाठायचा.

वारा टिकला. पाचव्या दिवशी संध्याकाळी टेकडी दिसली, ताईचं घर दिसलं, खिडकीसुद्धा दिसली. जहाज थांबवायला इंजिन उलटं फिरवलं, नांगर सुटला आणि कॅप्टनने लाँच मागितली. बंदरातून उत्तर आलं, वारा फार आहे, लाँच निघणार नाही.

ज्या वाऱ्याने इथवर आणलं त्यानेच दारात अडवलं. चीफ डेकवर येऊन उभा राहिला. जावा आता बंद होत्या. त्याने फोन लावला आणि भाच्याने तो ताईच्या तोंडाशी धरला.

“आलास ना रे?”

“आलोय ताई. समोरच आहे. तुला कुणी सांगितलं?”

“धूर आला ना मगाशी. काळाकुट्ट.” तिने दम घेतला. “म्हटलं, आमचं बाळ आलं.” मग ती खोकत राहिली, बराच वेळ. “या लोकांना सांग, कपडे आत घ्या म्हणावं.”

चीफने मान वर करून धुराड्याकडे पाहिलं. इंजिन उलटं फिरवताना उठलेला लोट वाऱ्याबरोबर केव्हाच टेकडीवर पोचला होता.

“खिडकी लाव आधी,” तो भाच्याला म्हणाला.

“लावू देत नाही, मामा. तुझं जहाज दिसतंय म्हणते.”

पहाटे वारा पडला आणि लाँच आली. ताई त्याआधीच गेली होती. चीफ पोचला तेव्हा खिडकी उघडीच होती आणि तिच्या चौकटीवर काजळीचा हात फिरला होता. त्याने ती रुमालाने पुसली. रुमाल काळा झाला तसा तो तिथेच बसून पोरासारखा रडला.

धक्क्यावर माल उतरवून नवा भरेपर्यंत तेरावं उरकलं आणि तो जहाजावर परतला. परतीच्या वाटेवर वारा सुटला, तेव्हा कॅप्टन खाली आला नाही. चीफने स्वतःच लिव्हर ओढला, ओढतच राहिला, आणि इंजिनाची घरघर अगदी दबकी झाली.

“एवढं कमी?” त्याच्या हाताखालच्या इंजिनिअरने विचारलं.

“वेळेवर पोचायचंय,” चीफ म्हणाला. “आधी नाही.”

मग तो डेकवर गेला आणि धुराड्यातून काही निघतंय का ते बघत उभा राहिला.