कानशीचे दोन फटके

“मोठ्यानं बोल की रे. माझ्या कानांत आता माणसं मावत नाहीत,” दादा म्हणाला आणि दुकानातली एकुलती एक धड खुर्ची हक्कानं बळकावून बसला.

मी एवढंच म्हटलं होतं, की उद्या जाऊ नकोस. ऐकू आलं नाही ते बरंच झालं. सकाळी त्याची लेक त्याला कायमचा आपल्याकडं नेणार होती, दोन दिवसांच्या प्रवासावर. आम्हां दोघांचं वय पाहता पुन्हा भेट म्हणजे नशिबाचा भाग. आणि माझ्या पोटात सत्तावन्न वर्षं एक गोष्ट पडून होती.

माझं पेटी दुरुस्तीचं दुकान. मूळचं बाबांचं. आता मात्र पेट्यांपेक्षा थापांसाठी जास्त ओळखलं जातं. एका पेटीतून मी उंदराची सात पिल्लं काढली आणि ती सातही वेगवेगळ्या सुरांत रडत होती, ही हकिगत तुमच्याही कानावर आली असेल. पिल्लं तीनच होती, आणि तिन्ही बेसूर. तर अशा माणसाला खरं बोलायचं म्हणजे डाव्या हातानं सुईत दोरा ओवण्यासारखं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दहाचा होतो, दादा पंधराचा. दुपारी छपराचा पत्रा तापून वाजे आणि दादा डोळे मिटूनच सांगे, “काळी तीन.” नळाची धार पांढरी एक. आईची हाक पांढरी पाच, आणि ती चिडली की काळी पाच. मी धावत जाऊन पेटीवर ती पट्टी दाबून पाहायचो. एकदाही चुकला नाही. ही थाप नाही.

त्याच सुट्टीत बाबांनी पहिल्यांदा अख्खी पेटी त्याच्या हवाली केली. एका नावाजलेल्या गायिकेची, दुहेरी सुरांची. अशा पेटीत एकेका स्वराला दोन पितळी जिभा असतात. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत, नाहीतर स्वर पाण्यातल्या होडीसारखा हेलकावतो. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दादानं आठ दिवस खपून सगळ्या जुळवल्या. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवू लागले. आई त्याचं ताट आधी वाढू लागली.

मला ते सोसलं नाही. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी झाकण उघडलं, कानस घेतली आणि मधल्या पंचमाच्या एका जिभेच्या टोकावर दोन फटके मारले. दादाला चार शिव्या बसाव्यात, इतकाच बेत होता.

दुसऱ्या दिवशी भर कार्यक्रमात बाई पंचमावर येऊन थांबल्या आणि पेटी हेलकावली. त्यांनी वळून पेटीकडं नुसतं पाहिलं. बाबा पहिल्या रांगेत होते. पेटी घरी आणून त्यांनी ती जीभ भिंगाखाली धरली. घासल्याच्या ताज्या खुणा होत्याच, पण तशा त्या सगळ्याच जिभांवर होत्या. दादानंच तर घासल्या होत्या.

बाबा ओरडले नाहीत. “याला कान नाही,” असं आईला म्हणाले. आमच्या धंद्यात ही शिवी नव्हे, निकाल.

मी जेवत होतो. जेवतच राहिलो.

सुट्टी संपली आणि दादा सूतगिरणीत लागला. चाळीस वर्षं तिथल्या गोंगाटानं त्याचे कान कुरतडले. दुकान माझ्याकडं आलं. माझा कान म्हणाल तर काठावर पास.

तर ही गोष्ट आज कुजबुजत सांगायची, असं मी ठरवलं होतं. पण कुजबुजणार कुणाच्या कानात?

“दादा, तो पंचम मी बिघडवला होता.”

“काय बिघडलं?”

“पंचम! त्या बाईंच्या पेटीतला! मी कानस मारली!”

शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊनच दारात आला. “काका, आज नवीन दिसतेय. पुढं काय झालं?”

“पुढं काही नाही. हे खरं आहे.”

“खरंच असणार,” तो म्हणाला आणि चौकटीला टेकून ऐकू लागला.

मी सगळं सांगितलं. कानस, भिंग, जेवण. घसा बसला. शिंप्यानं मान डोलावली. “उंदरांइतकी नाही जमली, काका. हिच्यात हसू कमी आहे.” आणि आपल्या कामाला निघून गेला.

दादा मात्र माझ्याकडं फार मायेनं बघत होता.

“माझ्यासाठी रचलीस होय रे? जाताना बरं वाटावं म्हणून?”

“दादा, आईशपथ.”

“आईला मधे आणू नकोस. बाबा कधी चुकत नसत. नव्हता मला कान. माझं काही अडलं का त्यावाचून?”

शाळेच्या गाण्याच्या बाईंची पेटी मी सकाळीच जुळवून ठेवली होती, तीही दुहेरीच. ती त्याच्यापुढं ओढली. “हात ठेव,” मी ओरडलो.

“गिरणीत सूत कातणाऱ्या चातीचं दुखणं असंच हाताला कळायचं आम्हाला,” म्हणत त्यानं झाकणावर पंजा पसरला. मी भाता मारत एकेक पट्टी दाबत गेलो. त्यानं डोळे मिटले. तोंड तेच, पंधराचं.

“थांब. ही. ही डुलतेय.”

मला काही ऐकू आलं नाही. लाकडाला कान लावला, श्वास धरला, तेव्हा कुठं कळलं. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा तो स्वर हलत होता. माझ्याच हातून सकाळी सुटलेला.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो.

दादानं डोळे उघडले. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, मला ओळखलं, आणि हसला.

“लबाडा,” तो म्हणाला. “उगाच हो म्हणतोस.”

माझ्या गालावर एक चापटी मारून तो उठला. बांधाबांध राहिली होती. दारातून उन्हात गेला तो वळला नाही. हाक मारून उपयोग नव्हताच.

झाकणाच्या काळ्या पॉलिशवर त्याच्या घामेजल्या पंजाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं स्पष्ट. कडेकडेनं तो वाळू लागला होता. मी उठून पंखा बंद केला.