निळा डाग

"चावा," कवळीवाला म्हणाला.

मोठ्या सरांनी नवी कवळी घट्ट मिटली. मध्ये निळा कागद धरलेला होता. कवळीवाल्याने कागद काढला, कवळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. उजवीकडच्या मागच्या दाढेवर डाग उमटला होता, चांगला ठसठशीत. म्हणजे तेवढी दाढ उंच राहिली होती. मऊ खाताना कळायचंही नाही, पण कडक काही चावलं की सगळा भार तिथे येणार आणि हिरडी ठणकणार. ती घासून घ्यायची, एवढंच काम. डोळे मिटून केलं असतं त्याने.

तो मशीनपाशी गेला, सरांकडे पाठ केली, बटण दाबलं आणि चाक नुसतंच फिरू दिलं. घर्र, घर्र. मग डाग फडक्याने पुसून टाकला.

"बसली बघा आता. नवी आहे, थोडी दुखेल. होईल सवय."

सर आभार मानून गेले. हा दारात उभा राहून बघत राहिला, शाळेचे मुख्याध्यापक रस्ता ओलांडेपर्यंत.

त्याच्या पोरीला घरात सगळे खार म्हणायचे. शेंगदाणा काय, पेन्सिल काय, हाताला लागेल ते कुरतडत बसायची, म्हणून. दुपारचं जेवण शाळेतच. घरचा डबा आणायचा नाही, सगळ्यांनी एकच खायचं, असा तिथला नियम. आणि ते एकच म्हणजे रोज गोड पाव आणि लाल सरबत. पोरं खूश, वाढणाऱ्या बाया खूश, ताटात काही उरत नाही म्हणून सरही खूश. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खारीच्या चार दाढा काढल्या. त्यातली एक पक्की, पुन्हा न येणारी. तोंडात उरलेल्या तीन पक्क्या दाढा टिकतील, म्हणाल्या, पण हे रोजचं गोड थांबलं तरच.

हे सांगायला तो पालकसभेत उभा राहिला होता. माणूस हाताचा पक्का, पण चारचौघांत बोलायचं म्हणजे त-त प-प. सरांनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"अहो, आम्ही तुमच्याच धंद्याला गिऱ्हाईक तयार करतोय. तक्रार कसली करता?"

सभा हसली. शेजारी बसलेली खारही हसली, दात दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरून. तेव्हापासून ती तशीच हसते. ते हसणं त्याच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

पुढे डॉक्टरीणबाई स्वतः शाळेत जाऊन भांडल्या आणि ताटात गाजर, सफरचंद, भाजलेले दाणे आले. ते झालं, पण सभेतलं हसणं काही कुणी परत घेतलं नाही. आणि आता सरच आपल्या पायांनी त्याच्या दुकानात येऊन तोंड उघडून बसले होते. सोडतो कशाला?

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचाही जीव त्या सभेत जळला होता.

"दोन्हीकडच्या ठेवायच्या होत्यात उंच," ती म्हणाली.

दोघं पोट धरून हसली. पुढचे काही दिवस तो मुद्दाम शाळेवरून जायचा. सर एकदा गालाला हात लावून फाटकात उभे दिसले, तर याला जेवण गोड लागलं. सर तक्रार घेऊन काही येईनात. होईल सवय, असं यानेच सांगून ठेवलं होतं ना.

मग एका संध्याकाळी जेवताना खार म्हणाली, "बाबा, गाजर बंद झालं."

"का गं?"

शाळेत जेवणाच्या घंटेआधी मोठे सर ताटातलं सगळं चाखून बघायचे. त्यांनी मान डोलावली की मगच पोरांना वाढायचं. खारीने सरांची नक्कल करून दाखवली. गाजराचा तुकडा तोंडात घातला, डोळे घट्ट मिटले, तुकडा बाहेर. एवढं कडक पोरांनी चावायचं कसं, म्हणाले. दाणे बंद, सफरचंद बंद. उद्यापासून परत गोड पाव.

"मऊ असतो ना तो," खार म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसली.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याचा घास हातातच होता.

"जिरली का सगळ्यांची?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी तो हातमशीन घेऊन सरांच्या खोलीत शिरला.

"कवळी काढा, सर. एक डाग राहिला होता."

"तुम्ही तर म्हणालात, सवय होईल."

"म्हणालो होतो."

त्याने टेबलावर फडकं पसरलं. निळा कागद चाववून घेतला, घासलं, परत कागद, परत घासलं, सगळ्या दाढांवर सारखे ठिपके येईपर्यंत. मग स्वयंपाकघरातून कालची उरलेली गाजरं नि दाणे मागवले.

"चावा."

सरांनी बिचकत उजवीकडे चावलं. कळ येईल म्हणून थांबले. आली नाही. कडाकडा चावू लागले.

"वा! काय हात आहे तुमचा," ते म्हणाले. "आणि मनही मोठं आहे हो. सभेतलं माझं बोलणं तुम्ही मनात ठेवलं नाहीत."

म्हणजे लक्षात होतं त्यांच्या. त्याने आणखी एक तुकडा पुढे केला, बुडख्याकडचा, जाड.

दारात वाढणारी बाई येऊन उभी राहिली. "सर, पाव वाढायचे ना?"

सरांचं तोंड भरलेलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि गाजराकडे बोट दाखवलं. बाई गेली. मोठ्या कष्टाने घास गिळून सर म्हणाले, "बास की आता. दुखायला लागले जबडे."

"घंटेला वेळ आहे अजून, सर," कवळीवाला म्हणाला आणि दाण्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.