खालांचं नाक

आमच्या दिल्लीतल्या सीलमपूरच्या खोलीत अत्तर लावून कामाला बसायचं नाही, असा हाजराखालांचा दंडक होता. मग शुक्रवार असो की ईद. त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाचजणी भंगारात आलेले बिनतारी इअरफोन फोडून आतली बॅटरी वेगळी काढतो. पूर्वीच्या मोबाइलचं झाकण नखाने उघडायचं आणि बॅटरी अलगद हातात यायची. आता ना स्क्रू, ना फट, सगळं चिकटवून बंद केलेलं. सुरी घालावीच लागते, आणि ती जराशी जास्त आत गेली की बॅटरीला भोक पडतं. हे बनवणाऱ्यांनी एक दिवस आमच्या शेजारी मांडी घालून बसावं, म्हणजे अक्कल ठिकाणावर येईल.

भोक पडलं की आग लागायच्या आधी बऱ्याचदा गोडसर वास सुटतो. तो सगळ्यांआधी खालांना यायचा. "वाळूत टाका!" असं त्या ओरडल्या की हातातलं बादलीतल्या वाळूत टाकून आम्ही बाहेर पळायचो. खालांचे हात थरथरायचे, सुरी कधीच सुटली होती. खोलीत त्यांना मान होता तो त्या नाकामुळे. त्या दारापाशी बसल्या की आम्ही निर्धास्त खाली मान घालून काम करायचो.

मागच्या थंडीत खाला तापाने पडल्या. बऱ्या होऊन आल्या त्याच सकाळी शेजारच्या घरात दूध करपलं. आमच्यातल्या शगुफ्ताने नाकाला ओढणी लावली.

"काय गं, रडतेस की काय?" खालांनी विचारलं.

करपल्याचा वास त्यांना आलाच नव्हता. जेवायला उठलो की त्यांना बाजूला घेऊन विचारायचं ठरवलं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. थोड्याच वेळात तो गोड वास आला. मी खालांकडे पाहिलं. त्या शांतपणे सुपारी चघळत होत्या.

"वाळूत टाका!" मी ओरडले.

बॅटरी शगुफ्ताच्या हातात होती. तिने ती टाकली नाही, आधी खालांकडे पाहिलं. "खाला तर काही बोलल्या नाहीत," एवढं ती म्हणतेय तोवर भडका उडाला.

गल्लीतल्या हापशाखाली तिचा भाजलेला तळवा धरून आम्ही उभ्या होतो. खाला म्हणाल्या, "मला आला होता वास. तुम्ही किती सावध आहात ते बघत होते."

"हो, खाला बघत होत्या," शगुफ्ता लगेच म्हणाली. ओठ दाबून कळ सोसत होती पोरगी, तरी म्हणाली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळ्यांना खरं कळलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "खालांना वास येत नाही. आजपासून कुणी त्यांच्या भरवशावर बसू नका."

"जीभ आहे की सुरी तुझी!" एकजण माझ्यावर खेकसली. खालांनी हातानेच तिला गप्प केलं.

"बोललीस ते बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "माझ्याच्याने बोलवत नव्हतं."

त्यांनी शगुफ्ताच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि जेवणाच्या आधीच घरची वाट धरली. मला रडू फुटलं. तरी मी हाक मारली नाही. त्या परत दारापाशी बसल्या असत्या, तर पोरींनी पुन्हा त्यांच्याचकडे पाहिलं असतं.